दीडपट

सावद्याच्या आमच्या चेंबरमध्ये केळी पिकायला लागतात
तेव्हा दाराबाहेरच्या डबीवर आकडा मी ठरवते.
अठरावर ठेवलं तर चार दिवस,
सोळावर आणलं तर सहा.
व्यापारी फोनवर विचारतो, ताई, परवा गाडी भरू?
मी म्हणते, बघते.

रात्री दहानंतर तीच बोटं माउसवर.
भुसावळहून लीलेश वायकोळे, रावेरहून तौसीफ मण्यार, आणि मी.
पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये सर जेवायला गेले की सुरू व्हायचं,
त्याला आता अकरा वर्षं झाली.
एक नकाशा, तीन रंग,
आणि पहिली लढाई खेळ सुरू होण्याआधीच,
वेगाच्या पट्टीवरून.

तौसीफला दुप्पट हवी.
दिवसभर भिंगाखाली मोबाईलचे स्क्रू काढणारा माणूस,
वाट बघणं म्हणजे त्याला दातात अडकलेली शेव.
‘गावकरी लाकडं तोडायला निघाला
की पोचलेला पाहिजे भो,
मधलं चालणं काऊन पाहू मी?’

लीलेशला ते मधलं चालणंच पाहायचं असतं.
नदीकाठी जागा शोधण्यात त्याची दहा मिनिटं जातात.
मेंढ्या मोजतो. शेताचे चौकोन बांधाला बांध लावून आखतो.
मला वाटायचं, दिवसभर रेल्वेच्या कंट्रोलमध्ये
गाड्या सोडून सोडून दमला असेल,
म्हणून रात्री हळू मागतो.
एकदा तसं म्हटलं तर हसला.
‘कंट्रोलमध्ये गाडी म्हणजे तक्त्यावरची रेघ.
रेघेला पाय नसतात गं.’

मी मधली. दीडपट.
तौसीफ जांभया देतो, लीलेश धापा टाकतो,
आणि दोघंही मलाच बोलतात.

मे महिन्यातली रात्र, कूलरमधलं पाणीसुद्धा गरम.
खोली तौसीफनं उघडली होती, पट्टी त्याच्या हातात.
दुप्पट ठेवली. विसरून की मुद्दाम, मी विचारलं नाही.
अठराव्या मिनिटाला त्याचे घोडेस्वार नदी ओलांडून आले.
लीलेशची भिंत अर्धीच होती.
हेडफोनमध्ये एकदाच ‘अरे’ ऐकू आलं,
मग त्यानं टाईप केलं: छान खेळलास.
आणि गेला.

पुढचे तीन दिवस नाईट ड्यूटी म्हणाला.
असेलही.

चौथ्या रात्री मी त्या डावाचं रेकॉर्डिंग लावलं,
निम्म्या वेगानं.
कोठार जळतंय, घरं एकेक करून विझतायत,
सैन्य उभं करायला हवं होतं त्या क्षणांत
लीलेशनं काय केलं, तर
एका मेंढपाळाला निवडलं
आणि सहा मेंढ्यांसह पलीकडच्या झाडीत पाठवलं.
घोडे डाव्या बाजूनं जातात, हा उजव्या बाजूनं चालतो.
मेंढी मागे राहिली की थांबतो.
दुप्पटीत यातलं काही दिसलं नव्हतं,
नुसता एक निळा ठिपका होता.

मी ती फाईल तौसीफला पाठवली. सोबत काही लिहिलं नाही.
दीड वाजता त्याचा फोन.
‘याच्याहून हळू होतं का हे?’
होतं, म्हटलं.
मग बराच वेळ दोघंही बोललो नाही,
फक्त त्याच्या टेबलफॅनची खरखर.
शेवटी म्हणाला, ‘एक मेंढी राहिली त्याची.
मीच मारली वाटतं.’

आज शुक्रवार. खोली तौसीफनंच उघडलीय.
पट्टी एकपटीवर, अगदी डावीकडे,
त्याला एवढ्या डावीकडची जागा ठाऊक होती हेच नवल.
दहा वाजून बारा मिनिटांनी लीलेश आला.
पट्टीकडे बघितलं असावं, कारण लगेच लिहिलं:
‘कोण वारलं?’
मग खाली: ‘दुप्पट कर रे. भिंत आधी बांधतो या वेळी.’
तौसीफ: ‘नको.’
लीलेश: ‘कर म्हणतो ना.’
तौसीफ: ‘तूच सांग गं.’

रस्त्यापलीकडे चेंबरचा पंखा एका लयीत चाललाय,
आत चौथ्या दिवसाची केळी, देठाशी अजून हिरवी.
दोघांच्या नावांपुढे ‘तयार’ उमटलंय.
मी लिहिते, बघते.